दुकानात जाताना खिशात पेनड्राइव्ह

भिलईत सुपेल्याहून कोहक्याकडे आणि तिथून कुरुदकडे जाणारा रस्ता म्हणजे विद्यार्थ्यांचा रस्ता. धमतरी जिल्ह्यातलं तालुक्याचं कुरुद वेगळं. हे कुरुद भिलईच्या अंगाला लागून असलेलं, शहर वाढता वाढता शहराचंच झालेलं. रुंगटा समूहाची महाविद्यालयं याच कोहका-कुरुद रस्त्यावर आहेत. शहराच्या दुसऱ्या बाजूला नेवईत छत्तीसगढ स्वामी विवेकानंद तांत्रिक विद्यापीठ आहे, आणि २०१६ मध्ये स्थापन झालेली आयआयटी भिलईही आहे. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते इथल्या पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी सुरू झाली, तेव्हापासून देशभरातली माणसं नोकरीसाठी भिलईत येत राहिली. त्यांत विदर्भातली मराठी कुटुंबंही होती. आता त्यांची नातवंडं अभियांत्रिकीच्या वर्गात बसतात, आणि प्रवेश झाला की घरात पहिला विषय निघतो तो लॅपटॉपचा.

पहिल्याच वर्षी सी किंवा पायथन शिकायचं असतं, अहवाल लिहायचे असतात. मोबाइलवर हे भागत नाही. नवा बरा लॅपटॉप घ्यायचा तर हप्त्यांचं गणित मांडावं लागतं, म्हणून नजर जुन्या मालाकडे वळते. दिल्लीचं नेहरू प्लेस, मुंबईचा लॅमिंग्टन रोड अशा बाजारांतून कंपन्यांनी काढून टाकलेली यंत्रं लहान शहरांतल्या दुकानांपर्यंत पोचतात. त्यांतली कितीतरी उत्तम अवस्थेत असतात. मग कंपन्यांनी ती का काढली?

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नियमित आधार थांबवला. त्या दिवशी कोणाचा संगणक बंद पडला नाही, पण सुरक्षेतली भोकं बुजवणारे अपडेट नेहमीच्या वाटेने येणं थांबलं. घरगुती वापरकर्त्यांसाठी ऑक्टोबर २०२६ पर्यंतची वाढीव मुदत ठेवली आहे, तीही नोंदणी केली तर. विंडोज ११ वर जायचं तर इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षाव्यवस्था लागते. लेनोवोचा थिंकपॅड टी४७०, डेलचा लॅटिट्यूड ई७४७०, एचपीचा एलिटबुक ८४० जी३ ही २०१६-१७ च्या सुमाराची, कार्यालयांसाठी बनवलेली मॉडेलं सहाव्या-सातव्या पिढीतली आहेत. मजबूत बांधणी, चांगला कीबोर्ड, खालचं झाकण स्क्रू काढून उघडता येतं, सुटे भाग मिळतात. तरीही ती विंडोज ११ च्या अधिकृत यादीबाहेर आहेत. एका यादीत नाव नाही म्हणून चालतं यंत्र भंगारात जावं, हे पैशाच्या दृष्टीनेही वाईट आणि ई-कचऱ्याच्या दृष्टीनेही. असा लॅपटॉप आणखी काही वर्षं सुरक्षितपणे वापरायचा सरळ मार्ग म्हणजे विंडोजऐवजी लिनक्स.

लिनक्स म्हटलं की काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं, असं चित्र अजून पुष्कळांच्या डोक्यात असतं. प्रत्यक्षात ते रोज हातात असतं, कारण ॲन्ड्रॉइड फोनच्या तळाशी लिनक्सचाच गाभा आहे. हेलसिंकी विद्यापीठातला लिनस टोरवाल्ड्स हा एकवीस वर्षांचा विद्यार्थी. छंद म्हणून एक ऑपरेटिंग सिस्टिम लिहितो आहे, असं त्याने २५ ऑगस्ट १९९१ रोजी जगाला कळवलं. त्याच्या आठ वर्षं आधी, १९८३ मध्ये, अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी ‘जीएनयू’ प्रकल्प जाहीर केला होता. सॉफ्टवेअर कोणालाही वापरता, वाचता, बदलता आणि वाटता यावं हा त्यांचा आग्रह. जीएनयूची साधनं आणि टोरवाल्ड्सचा गाभा एकत्र आले आणि पुढचं सगळं घडलं. जगातल्या सर्वांत वेगवान पाचशे महासंगणकांच्या यादीतली सगळीच्या सगळी यंत्रं नोव्हेंबर २०१७ पासून लिनक्सवर चालतात. जुन्या लॅपटॉपवर टाकायला म्हणून कोणी काढलेली ही कमअस्सल वस्तू नाही.

हा गाभा, त्यावरचा डेस्कटॉप आणि रोजच्या वापराचे प्रोग्रॅम एकत्र बांधून जे तयार संच मिळतात, त्यांना डिस्ट्रो म्हणतात. उबुंटू, फेडोरा, डेबियन, मिंट अशा शेकडो डिस्ट्रो आहेत, आणि नवखा माणूस पहिल्यांदा अडकतो तो इथेच. यूट्यूबवर तुलना पाहण्यात आठवडा जातो, लॅपटॉप तसाच पडून राहतो. हा वेळ वाया घालवण्याची गरज नाही. लिनक्स मिंट घ्यावं. २००६ मध्ये क्लेमां लफेव्र यांनी सुरू केलेला हा प्रकल्प विंडोजची सवय असलेल्या माणसाला ओळखीचा वाटतो. खाली डाव्या कोपऱ्यात मेनू, उजवीकडे घड्याळ आणि वायफाय, फाइलींवर दोनदा क्लिक. त्याच्या सिनॅमन, माटे आणि एक्सएफसीई अशा तीन आवृत्त्या आहेत. त्यांत एक्सएफसीई सर्वांत हलकी, चार जीबी रॅमच्या यंत्राला तीच योग्य. आठ जीबी असेल तर सिनॅमनही सुखाने चालतं. अगदीच जुना, ३२ बिटांचा प्रोसेसर असेल तर मिंटची आताची आवृत्ती चालणार नाही. तिथे अँटीएक्स नावाची डिस्ट्रो आहे, पण असा लॅपटॉप आज पैसे देऊन विकत घेऊ नये.

आता मुद्द्याची गोष्ट. लिनक्स हे लॅपटॉप घेतल्यावर करायचं काम आहे, असं बहुतेकांना वाटतं. खरं तर त्याचा पहिला उपयोग लॅपटॉप घेण्याच्या आधी आहे. लिनक्सची जवळजवळ प्रत्येक मोठी डिस्ट्रो पेनड्राइव्हवरून थेट चालते. लॅपटॉपच्या डिस्कवर काहीही न लिहिता, पेनड्राइव्ह लावून पूर्ण डेस्कटॉप उघडतो. याला ‘लाइव्ह’ चालवणं म्हणतात. जुनी मोटारसायकल घेताना कोणीही नुसता रंग बघून पैसे मोजत नाही, एक फेरी मारून बघतो. लाइव्ह पेनड्राइव्ह म्हणजे लॅपटॉपची ती फेरी.

पेनड्राइव्ह तयार करणं सोपं आहे. आठ जीबीचा पेनड्राइव्ह पुरतो. मिंटच्या अधिकृत संकेतस्थळावरून तीन जीबीच्या आसपासची आयएसओ फाइल उतरवायची आणि मित्राच्या विंडोज संगणकावर रूफस किंवा बलेना एचर या मोफत प्रोग्रॅमने ती पेनड्राइव्हवर लिहायची. नुसती कॉपी-पेस्ट करून चालत नाही, कारण तशा पेनड्राइव्हवरून लॅपटॉप सुरू (बूट) होत नाही. लिहिताना पेनड्राइव्हवरचं आधीचं सगळं पुसलं जातं, म्हणून लग्नाचे फोटो असलेला पेनड्राइव्ह या कामाला घेऊ नये. घरात एकही संगणक नसेल तरी मार्ग आहे. ॲन्ड्रॉइडसाठी एचड्रॉइड नावाचं मुक्त ॲप आहे. ओटीजी जोडणीने पेनड्राइव्ह फोनला लावून त्यावर आयएसओ लिहिता येते.

दुकानदाराला आधीच सांगून ठेवावं की पेनड्राइव्हवरून चालवून बघायचं आहे, डिस्कला हात लागणार नाही. प्रामाणिक दुकानदार हरकत घेत नाही. घेतली, तर पुढचं दुकान गाठावं. लॅपटॉप पूर्ण बंद करून चालू करताना लेनोवो आणि डेलवर एफ१२, एचपीवर एफ९ ही कळ दाबत राहिली की कुठून बूट करायचं ते विचारणारी यादी येते. इथेच पहिली परीक्षा होते. बायोसमध्ये, म्हणजे लॅपटॉपच्या मूळ सेटिंग्जमध्ये, जाताना पासवर्ड मागितला आणि दुकानदाराला तो माहीत नसेल, तर तो लॅपटॉप घेऊ नये. कंपन्या आपल्या यंत्रांना बायोस पासवर्ड लावतात. थिंकपॅडचा सुपरवायझर पासवर्ड आतली छोटी बॅटरी काढून ठेवल्याने जात नाही. असा लॅपटॉप घेतला की पुढे प्रत्येक बदलाला आडकाठी येते. शिवाय पासवर्डसकट बाजारात आलेलं यंत्र रीतसर विकलेलं आहे का, ही शंकाही उरते. बिल आणि त्यावर लॅपटॉपचा सिरीयल नंबर, हे दोन्ही मागून घ्यावेत.

मिंटचा डेस्कटॉप उघडला की घाई करू नये. टेक्स्ट एडिटर उघडून प्रत्येक कळ एकेकदा दाबून बघावी. जुन्या लॅपटॉपवर एखादं अक्षर उमटत नाही किंवा दोनदा उमटतं, आणि हे विकत घेतल्यावर तिसऱ्या दिवशी कळतं. मोबाइलचा हॉटस्पॉट चालू करून वायफाय जोडावं आणि एखादं गाणं लावावं, म्हणजे इंटरनेट आणि स्पीकर दोन्ही तपासले जातात. प्रत्येक यूएसबी खाचेत माउस लावून बघावा. पडदा उघडताना-मिटताना बिजागरीतून करकर आवाज येतो का, हे मात्र हातालाच कळतं.

मग बॅटरी. एक्सएफसीईमध्ये सेटिंग्जमधलं ‘पॉवर मॅनेजर’ उघडून ‘डिव्हायसेस’वर गेलं की बॅटरीची कुंडली समोर येते. त्यात दोन आकडे शोधायचे: बॅटरी नवी असताना किती वॅट-तास साठवत होती, आणि आज पूर्ण चार्ज झाल्यावर किती साठवते. उदाहरण टी४७० चं घेऊ. त्याला दोन बॅटऱ्या असतात, एक आत बसवलेली आणि एक मागून काढता येणारी. नेहमीच्या जोडीत दोन्ही साधारण २४ वॅट-तासांच्या. यादीत मूळ क्षमता २४ आणि आजची १२ दिसली, तर ती बॅटरी निम्मी संपली. ‘दोन तास बॅकअप आहे’ या तोंडी आश्वासनापेक्षा हा आकडा विश्वासाचा, आणि भाव पाडून मागायला उपयोगी. दुर्ग-भिलईत मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो आणि लिथियम बॅटरी उष्णतेत लवकर म्हातारी होते, तेव्हा या भागात आधीच निम्म्यावर आलेल्या बॅटरीकडून फार अपेक्षा ठेवू नये. नव्या बॅटरीचा खर्च किमतीत धरूनच सौदा करावा.

डिस्कसाठी मेनूत ‘डिस्क्स’ नावाचा प्रोग्रॅम आहे. त्यात डावीकडे डिस्क निवडून वरच्या मेनूतून ‘स्मार्ट डेटा’ उघडायचा. डिस्क स्वतःबद्दल जी नोंद ठेवते ती इथे वाचता येते. ‘पॉवर-ऑन अवर्स’ म्हणजे ती एकूण किती तास चालली. कार्यालयातला लॅपटॉप दिवसाला आठ तास, वर्षाचे अडीचशे दिवस धरला तर वर्षाला दोन हजार तास होतात. बारा हजारांचा आकडा दिसला तर सहा वर्षांची नोकरी झाली असं समजावं. त्याने घाबरायचं कारण नाही. घाबरायचं ते ‘रीॲलोकेटेड सेक्टर’ आणि ‘पेंडिंग सेक्टर’ या ओळींसमोर शून्याऐवजी मोठा आकडा असेल तर. तशी डिस्क मरणपंथाला लागलेली असते. फिरती हार्ड डिस्क असेल तर ती कशीही असली तरी बदलून एसएसडी टाकावी. जुन्या लॅपटॉपवर केलेल्या खर्चांत सर्वांत मोठा फरक याच एका खर्चाने पडतो.

रॅम किती आहे हे ‘सिस्टिम इन्फर्मेशन’मध्ये दिसतं, पण वाढवता येईल का हे मॉडेलवर अवलंबून असतं. टी४७० मध्ये रॅमच्या दोन खाचा आहेत. काही पातळ लॅपटॉपांत, उदाहरणार्थ थिंकपॅड एक्स१ कार्बनमध्ये, रॅम बोर्डावरच सोल्डर केलेली असते, ती वाढत नाही. चार जीबीवर मिंट उठतं, चालतं, पण ब्राउझरमध्ये दहा टॅब उघडले की धाप लागते. आठ जीबी असावी.

एवढं सगळं तपासायला अर्धा तास पुरतो. तेवढा वेळ दिला की घरी गेल्यावर वायफाय सापडत नाही, आवाज येत नाही, अशा तक्रारींचं कारणच उरत नाही. पेनड्राइव्हवरून जे चाललं ते डिस्कवर टाकल्यावर सहसा चालतंच.

घरी आल्यावर पहिला निर्णय: विंडोज ठेवायचं की काढायचं? दोन्ही शेजारी-शेजारी ठेवता येतात आणि मिंटचा इन्स्टॉलर तसा पर्यायही देतो. पण जुन्या लॅपटॉपवरचं विंडोज कोणी टाकलं, ते मूळ आहे की नकली, त्यात आणखी काय बसलं आहे, हे खरेदीदाराला कळायला मार्ग नसतो. त्यावर बँकेचे व्यवहार करणं धोक्याचं. म्हणून नवख्याने सगळी डिस्क पुसून एकटं मिंट टाकावं, हेच शहाणपणाचं. कंपनीतून विंडोज ८ किंवा १० सह आलेल्या लॅपटॉपांत परवान्याची कळ सहसा बायोसमध्येच साठवलेली असते, त्यामुळे पुढे कधी विंडोज पुन्हा टाकायचं झालं तर तो परवाना गेलेला नसतो. विंडोज ठेवायचंच असेल, तर आधी त्यात डिस्क कुलूपबंद करणारं बिटलॉकर चालू आहे का ते बघावं आणि ‘फास्ट स्टार्टअप’ बंद करावं. नाहीतर विंडोजच्या भागाला कुलूप लागतं आणि चावी सापडत नाही.

इन्स्टॉलर भाषा विचारतो, कीबोर्ड विचारतो, वेळेसाठी कोलकाता सुचवतो, नाव आणि पासवर्ड घेतो. ‘मल्टिमीडिया कोडेक्स’ची चौकट टिकमार्क करावी, म्हणजे व्हिडिओ आणि गाणी अडत नाहीत. एसएसडी असेल तर वीसेक मिनिटांत काम होतं. डेलच्या लॅपटॉपांवर एक अडचण मात्र वारंवार येते: इन्स्टॉलरला डिस्कच दिसत नाही. नवखा माणूस समजतो डिस्क गेली. बहुतेकदा झालेलं असतं एवढंच की बायोसमध्ये साठवणीचा प्रकार ‘रेड ऑन’ ठेवलेला असतो. तो बदलून ‘एएचसीआय’ केला की डिस्क दिसू लागते. सगळी डिस्क पुसणारच असाल तर हा बदल निर्धास्त करावा. आधीचं विंडोज ठेवायचं असेल तर मात्र या एका बदलाने ते उठेनासं होऊ शकतं.

पहिल्या दिवशी तीन कामं करून टाकावीत. ‘अपडेट मॅनेजर’ उघडून सगळे अपडेट घ्यावेत. ‘ड्रायव्हर मॅनेजर’ एकदा चालवावा. इंटेलची वायफाय कार्डं आपोआप चालतात, ब्रॉडकॉमच्या काही कार्डांना मात्र वेगळा ड्रायव्हर लागतो. तो उतरवायला इंटरनेट हवं, आणि वायफाय तर चालत नाही! अशा वेळी फोन यूएसबी केबलने लावून ‘यूएसबी टेदरिंग’ चालू केलं की काम होतं. तिसरं काम ‘टाइमशिफ्ट’. हा प्रोग्रॅम सिस्टिमची प्रत काढून ठेवतो आणि पुढे काही बिघडलं तर त्या दिवसावर परत नेतो. विद्यार्थ्याच्या हातून सिस्टिम बिघडणारच आणि ती बिघडावीही, कारण शिकणं तिथूनच सुरू होतं. फक्त परतीची वाट आधी करून ठेवावी.

विंडोजच्या सवयीने कुठल्यातरी संकेतस्थळावरून ‘सेटअप’ फाइल उतरवायची खोड इथे सोडायला हवी. मिंटमध्ये ‘सॉफ्टवेअर मॅनेजर’ आहे. फोनवरच्या प्ले स्टोअरसारखं त्यात नाव शोधायचं आणि इन्स्टॉल करायचं. टर्मिनलची, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या त्या काळ्या पडद्याची, भीती बाळगू नये आणि घाईही करू नये. काही डिस्ट्रोंत पासवर्ड टाइप करताना टर्मिनलमध्ये एकही ठिपका उमटत नाही, तेव्हा कीबोर्ड बंद पडला असं समजू नये. अक्षरं आत जात असतात. इंटरनेटवर सापडलेली आज्ञा न समजता चिकटवू नये, विशेषतः तिची सुरुवात ‘सुडो’ने होत असेल तर. सुडो म्हणजे संगणकाला दिलेला मालकाचा हुकूम, तो निमूटपणे पाळला जातो.

मराठी टाइप करण्यासाठी वेगळं काही विकत घ्यावं लागत नाही. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये ‘लेआउट’ जोडताना मराठीसाठी इनस्क्रिप्टही मिळतो आणि इंग्रजी अक्षरांच्या उच्चारावर चालणारा ‘कगप’ही. कुरुदसारख्या ठिकाणी आणखी एक गरज असते ती हिंदीच्या ‘कृतिदेव’ची, कारण छत्तीसगढ-मध्य प्रदेशातली कितीतरी टंकलेखन केंद्रं अजून कृतिदेववर चालतात. त्या फॉन्टची फाइल उघडून ‘इन्स्टॉल’ म्हटलं की तो लिब्रेऑफिसमध्ये दिसू लागतो आणि हाताची जुनी सवय तशीच कामी येते. मात्र नवं लेखन युनिकोडमध्येच करावं. कृतिदेवमधला मजकूर दुसऱ्याच्या फोनवर गेला की त्याची खिचडी होते.

भाषेचा हा भाग लिनक्सच्या गोष्टीत बाजूचा नाही. रेड हॅट कंपनीने २००४ मध्ये ‘लोहित’ हा भारतीय लिप्यांचा फॉन्टसमूह मुक्त परवान्याने खुला केला. त्याची मूळ अक्षरं पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची होती. लिनक्सवर देवनागरी नीट वाचता येऊ लागण्यात या फॉन्टचा वाटा मोठा आहे. आणि कुरुदच्या अगदी जवळचं उदाहरण राजनांदगावचं, दुर्गच्या पुढे तीसेक किलोमीटरवरचं. मूळचे तिथले रविशंकर श्रीवास्तव, हिंदी ब्लॉगवाचकांना ‘रवि रतलामी’ म्हणून परिचित, पेशाने वीज मंडळातले अभियंते. लिनक्सच्या हिंदी अनुवादात त्यांनी वर्षानुवर्षं काम केलं आणि पुढे केडीई या लिनक्सच्या डेस्कटॉपचा छत्तीसगढी अनुवादही केला. मेनू, सूचना, बटणं, सगळं छत्तीसगढीत. ज्या भाषेत किती खप होईल याचा हिशेब कुठलीही कंपनी मांडायला बसणार नाही, त्या भाषेत संगणक बोलला, कारण लिनक्सच्या जगात अनुवादासाठी कोणाची परवानगी मागावी लागत नाही. मजकुराच्या फाइली खुल्या असतात, ज्याला आपली भाषा प्यारी आहे त्याने बसून त्या भराव्यात. मराठीतही असंच स्वयंसेवकांनी काम केलं आहे आणि अजून पुष्कळ बाकी आहे.

भारतात लिनक्स पोचलं तेही असंच हातोहात. १९९६ मध्ये पीसीक्वेस्ट मासिकाने अंकासोबत लिनक्सची सीडी दिली, त्या काळी इंटरनेटवरून ते उतरवणं बहुतेकांच्या आवाक्याबाहेर होतं. नंतर २०११ पर्यंत उबुंटूच्या सीड्या मागेल त्याला टपालाने फुकट येत. केरळने तर सरकारी शाळांतलं संगणक शिक्षणच मुक्त सॉफ्टवेअरवर आणलं. तिथल्या ‘काइट’ या संस्थेने २०१९ मध्ये दोन लाखांहून अधिक शालेय संगणकांसाठी उबुंटूवर आधारलेली नवी आवृत्ती काढली. महाराष्ट्रात आणि छत्तीसगढात असं व्यापक काम झालेलं नाही. ही उणीव बोलून दाखवायलाच हवी.

लिनक्सच्या मर्यादाही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हव्यात. ऑटोकॅड, सॉलिडवर्क्स, फोटोशॉप आणि टॅली लिनक्ससाठी मिळत नाहीत. यंत्र किंवा स्थापत्य शाखेच्या विद्यार्थ्याला ऑटोकॅड अनिवार्य असेल तर त्याने महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेवर भिस्त ठेवावी किंवा विंडोज ११ चालणारा लॅपटॉप घ्यावा. संगणक शाखेच्या विद्यार्थ्याला उलट लिनक्सच सोयीचं; सी, पायथन, जावा, गिट सगळं एका जागी मिळतं. घराजवळच्या चॉइस सेंटरवर किंवा झेरॉक्सच्या दुकानात दिसणारा कॅननचा एलबीपी २९०० प्रिंटर लिनक्सवर जोडायला त्रास देतो, एचपीचे बहुतेक प्रिंटर मात्र सहज जोडले जातात. लिब्रेऑफिस वर्डच्या फाइली उघडतं, पण गुंतागुंतीच्या मांडणीत ओळी इकडेतिकडे सरकतात, म्हणून बायोडेटा पाठवताना पीडीएफ करूनच पाठवावा.

शिकण्यासाठी पैसे मोजायची गरज नाही. आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पात लिनक्सचे साधारण दहा-दहा मिनिटांचे धडे आहेत, आणि ते मराठीतही ध्वनिमुद्रित केलेले आहेत. पडद्यावर शिक्षक जे करतो ते शेजारी आपल्या लॅपटॉपवर करत जायचं, अशीच त्यांची रचना आहे. फाइली आणि फोल्डर, टर्मिनलच्या मूळ आज्ञा, लिब्रेऑफिस या क्रमाने ते पाहिले तर महिनाभरात हात बसतो. पाठ संपले की तोच पेनड्राइव्ह शेजारच्या खोलीतल्या मुलाला द्यावा. मिंटची प्रत वाटायला परवान्याची आडकाठी नाही. ज्या लॅपटॉपला विंडोज १० चे नियमित अपडेट २०२५ मध्येच थांबले, त्यालाच मिंटच्या २२ या मालिकेत २०२९ पर्यंत सुरक्षा अपडेट मिळणार आहेत.